येमूल टॉवेल्सवर आलेले फोन

“बी निगेटिव्ह मिळंल का हो?”

राजमल्लू काकांनी फोन कानापासून जरा लांब धरला, माझ्याकडे बघितलं आणि परत कानाला लावला. “काय पाहिजे म्हणालात?”

दुकानात शांतता होती, त्यामुळे पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. रक्त पाहिजे होतं. बी निगेटिव्ह, दोन पिशव्या.

“हे टॉवेलचं दुकान आहे ओ,” काका म्हणाले. “भद्रावती पेठेतलं. येमूल टॉवेल्स.”

तरी तो माणूस बोलतच राहिला. काकांनी पद्मजाला खूण करून रक्तपेढीचा नंबर शोधायला लावला, चष्मा कपाळावर चढवला आणि एकेक आकडा सावकाश, दोनदा वाचून दाखवला. फोन ठेवल्यावर म्हणाले, “पोरगा ॲडमिट आहे बिचाऱ्याचा. आपला नंबर कुठनं मिळाला काय की.”

“लागला असेल चुकून,” मी म्हणालो. लॅपटॉपवरून नजर काढली नाही.

तो पहिला फोन. नोव्हेंबर महिना होता. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि तो फोन कसा आला हे त्या दुकानात फक्त मला माहीत होतं.

पद्मजा येमूल माझी कॉलेजातली मैत्रीण. तिच्या वडिलांचे, म्हणजे राजमल्लू काकांचे, आठ माग होते, त्यातले पाच बंद पडले होते. व्यापारी स्वस्त माल दुसरीकडून उचलायला लागले होते. पद्मजानं घरच्या घरी एक वेबसाइट बनवली होती, पण तिथं कुणी फिरकत नव्हतं. मी पुण्यात दोन वर्षं एका कंपनीत हेच काम केलं होतं, वेबसाइट वर आणायचं. नोकरी सुटली म्हणून सोलापूरला परत आलो होतो. घरी मात्र सांगितलं होतं, मीच सोडली. मला कुणाला तरी काहीतरी करून दाखवायचं होतं, म्हणून पद्मजाच्या वेबसाइटचं काम मी घेतलं.

पहिल्या दिवशी काकांनी वेबसाइटवर काय लिहायचं ते स्वतःच्या अक्षरात लिहून आणलं होतं. ‘उत्कृष्ट जेकार्ड टेरी, पक्का रंग, दुहेरी किनार.’

“काका, हे शब्द कोण शोधतं?” मी विचारलं.

“मग काय शोधतात?”

मी लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. लोक गुगलला नेमकं काय विचारतात, महिन्याला किती वेळा विचारतात, त्याची यादी मी काढून ठेवली होती. लग्नात मानपानाला टॉवेल टोपी घाऊक. आहेरासाठी टॉवेल सोलापूर. शंभर पाहुण्यांना काय द्यावं. काकांनी ती यादी बोट ठेवून वाचली आणि मोठ्यानं हसले. “लोक मशीनला असं विचारतात होय? शेजाऱ्याला विचारल्यासारखं?”

“तेच शब्द आपल्या पानावर पाहिजेत,” मी म्हणालो.

एकेका प्रश्नाचं एकेक पान केलं. फोटो पद्मजानं काढले. दीड महिन्यात वेबसाइट गुगलच्या चौथ्या-पाचव्या पानावरून दुसऱ्या पानावर आली आणि तिथंच अडकली. दुसऱ्या पानापर्यंत कुणी जात नाही.

“आता काय?” पद्मजानं विचारलं.

“आता बॅकलिंक.” तिला समजेल असं मी सांगितलं. “आपलं दुकान चांगलं आहे असं आपणच सांगून उपयोग नाही. गावातल्या वजनदार माणसांनी सांगावं लागतं. दुसऱ्या वेबसाइट आपल्याकडे बोट दाखवतात, ती बोटं मोजतं गुगल. बोट कुणाचं आहे तेही बघतं.”

“आपल्याकडे कोण दाखवणार बोट?”

तेच शोधत मी आठ दिवस बसलो. सोलापुरातल्या कुठल्या वेबसाइटला कोण कोण बोट दाखवतं, ते एकेक काढत गेलो. कॉलेजं, दवाखाने, वर्तमानपत्रं. त्यात एक नाव सारखं दिसायला लागलं. सोलापूर रक्तमित्र. तीन कॉलेजं, दोन वर्तमानपत्रं आणि कितीतरी दवाखाने त्या एका पत्त्याकडे बोट दाखवत होते. पन्नासच्या वर. मी त्या पत्त्यावर गेलो, तर तिथं काहीच नव्हतं. चौकशी केली तेव्हा कळलं, तडवळकर नावाच्या निवृत्त शिक्षकांनी ती वेबसाइट एकट्यानं चालवली होती. ते वर्षभरापूर्वी वारले. वेबसाइटच्या नावाची मुदत संपली आणि ती कुणी वाढवली नाही. नाव मोकळं होतं. कुणीही घ्यावं.

मी घेतलं.

घेण्याआधी इंटरनेटवर जुन्या पानांचा साठा असतो, त्यात ती वेबसाइट पाहिली होती. साधं पिवळं पान. त्यावर रक्तदात्यांची यादी होती. नाव, रक्तगट, पेठ, फोन नंबर. सर्वांत खाली एक ओळ: ‘कधीही फोन करा. माणसं येतात.’ मी ती वाचली आणि ते पान बंद केलं. मग त्या नावावर कुणीही गेलं की थेट येमूल टॉवेल्सचं पान उघडेल अशी सोय केली. पाच मिनिटांचं काम. पन्नास जणांची बोटं एका दिवसात आमच्याकडे वळली.

पद्मजाला मी सांगितलं, “चांगल्या लिंक मिळाल्यात.” कुठून, ते तिनं विचारलं नाही.

डिसेंबरअखेर वेबसाइट पहिल्या पानावर होती. लातूर, नांदेड, बिदर, कुठून कुठून ऑर्डरी यायला लागल्या. बंद मागांपैकी तीन सुरू झाले. काकांनी त्या दिवशी मागांना हार घातले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून कामगारांना म्हणाले, “ह्या विरेशमुळं हो हे.” मला इतकं बरं वाटलं होतं की त्या रात्री मी आईला ते दोनदा सांगितलं.

रक्तासाठीचे फोन मात्र येतच राहिले. आठवड्याला दोन, कधी चार. काका प्रत्येकाशी बोलायचे. कुठला गट, कुठला दवाखाना, पेशंट कोण. रक्तपेढीचा नंबर त्यांना पाठ झाला होता. एकदा तर एका बाईसाठी स्वतःच जाऊन रक्त देऊन आले, आणि वय जास्त म्हणून पुढच्या वेळी घेणार नाही असं तिथं सांगितलं, तर हिरमुसले.

“विरेश, हे लोक आपल्यालाच का फोन करतात?” पद्मजानं एकदा विचारलं.

“कुठल्या तरी जुन्या यादीत नंबर चुकून छापला असेल.”

“कुठल्या?”

“शोधतो.”

शोधायचं काय होतं? ती यादी परत एका पानावर टाकायला मला अर्धा तास लागला असता. पण मग पद्मजाला कळलं असतं, आणि बोटं आमच्याकडून तिकडे वळली असती. लग्नसराई तोंडावर होती. एवढा हंगाम जाऊ दे, मग टाकू, असं मी ठरवलं. आणि काकांना त्रास नको म्हणून वेबसाइटवर त्यांच्याऐवजी माझा नंबर टाकला. “ऑर्डरीचं मी बघतो,” म्हणालो. काकांना त्यात माझा चांगुलपणाच दिसला.

जानेवारीपासून फोन मला यायला लागले. पहिले काही दिवस मी रक्तपेढीचा नंबर सांगत होतो. नंतर नुसतं ‘राँग नंबर’ म्हणायला लागलो.

फेब्रुवारीतला एक सोमवार. त्या दिवशी नांदेडची मोठी ऑर्डर बांधायची होती. मी दुकानात पद्मजाबरोबर गठ्ठे मोजत होतो. फोन वाजला.

“रक्तमित्र का?” कुणीतरी गावाकडचा माणूस होता. मागं गोंगाट होता. “साहेब, बॉम्बे का कसला गट म्हणतेत, त्यो…”

“राँग नंबर,” मी म्हणालो आणि ठेवला.

परत वाजला. तोच नंबर. मी कट केला. तिसऱ्यांदा वाजला, तेव्हा आवाज बंद करून फोन खिशात टाकला.

“कोण होतं?” पद्मजानं विचारलं.

“कुणी नाही.”

दुपारी आम्ही डबे उघडायच्या बेतात होतो तेव्हा एक माणूस दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहिला. तिशीचा असेल. शर्टची बटणं वरखाली लागलेली, पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेले. हातातल्या कागदाकडे आणि दुकानाच्या पाटीकडे तो आळीपाळीनं बघत होता.

“या की,” काका म्हणाले. “काय पाहिजे?”

“रक्तमित्र हेच का?”

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी हातातला डबा खाली ठेवला.

“हे टॉवेलचं दुकान आहे,” काका म्हणाले. “बसा आधी. पाणी घ्या.”

तो बसला नाही. त्याचं नाव बिरप्पा पुजारी. अक्कलकोट तालुक्यातल्या एका वाडीचा. बायको महादेवी आदल्या दिवशी बाळंत झाली होती, मुलगी झाली, पण रक्तस्राव थांबेना म्हणून सोलापूरच्या दवाखान्यात आणलं. कागदावर तिचा गट ओ पॉझिटिव्ह लिहिला होता, पण ओ पॉझिटिव्हची एकही पिशवी तिच्या रक्ताशी जुळली नाही. रात्रभर तपासण्या चालल्या. सकाळी डॉक्टरांनी सांगितलं, हा हजारोंत एखाद्याचा गट आहे, बॉम्बे गट, त्याच गटाचा माणूस पाहिजे. मुंबईहून मागवलंय, पण यायला रात्र होईल.

“तितं भित्तीवर कागद लावल्याला हाय,” बिरप्पा म्हणाला. “रक्तमित्र म्हणून. नर्सबाई म्हणाल्या, त्येंच्याकडं असल्या गटाची मानसं असतेत. भाच्यानं मोबाइलवर काढलं, तर ह्यो पत्ता आला. सकाळी फोन बी केल्ता. कुणीतरी राँग नंबर म्हणून ठिवला. मला वाटलं, माजाच आकडा चुकला आसंल. मग पत्ता इचारत इचारत आलो. दोन तास झालं, गावत न्हवता.”

तो कुणालाच दोष देत नव्हता. आपलाच आकडा चुकला असं त्याला खरंच वाटत होतं.

पद्मजानं त्याच्या हातातला कागद घेतला. वहीचं पान होतं, त्यावर आमचा पत्ता लिहिला होता, त्याखाली फोन नंबर. तिनं तो नंबर वाचला. मग माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत अजून राग नव्हता, हिशेब जुळत नसल्यावर माणूस जसं बघतो तसं ती बघत होती.

“थांबा,” मी म्हणालो.

लॅपटॉप उघडला. जुन्या पानांच्या साठ्यात गेलो, ते पिवळं पान काढलं. घाईत पत्ता दोनदा चुकला. यादीत खाली खाली गेलो. ‘बॉम्बे गट’ असं वेगळं लिहून तडवळकर सरांनी दोन नावं दिली होती. पहिला नंबर अस्तित्वात नव्हता. दुसरं नाव अब्दुलगनी नदाफ, शास्त्रीनगर, गादी कारखाना.

दुसऱ्या रिंगला फोन उचलला गेला.

“नदाफ बोलताय का? रक्तासाठी…”

“कुठल्या दवाखान्यात?” पलीकडून एवढंच विचारलं. मी सांगितलं. “निघालो,” म्हणाले आणि ठेवला.

मी घड्याळ बघितलं. बिरप्पा पायरीवर येऊन उभा राहिल्याला वीस मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

“देवासारकं गावलात बगा,” बिरप्पा म्हणाला. त्यानं वाकून माझे पाय धरले. मी मागं सरकलो तर गठ्ठ्यावर आपटलो.

मी, काका आणि बिरप्पा रिक्षानं दवाखान्यात गेलो. नदाफ आमच्या आधी पोचले होते. पन्नाशीचा किडकिडीत माणूस, भुवयांवर आणि कानांच्या पाळ्यांवर कापसाची तुसं. पिंजायच्या मशीनवरून तसेच उठून आले होते. बाही वर करूनच ते बाकावर बसले होते. त्यांचं रक्त घेतलं. मग तपासण्या, मग जुळवणी. घाई करून होत नाही, त्याला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागतोच, असं तिथल्या बाईंनी सांगितलं.

आम्ही बाहेर थांबलो. कोपऱ्यात बिरप्पाची आई तान्ह्या मुलीला पदराखाली घेऊन बसली होती. मुलगी रडत होती आणि म्हातारी तिला सारखं म्हणत होती, “उगी, आता येती तुजी आई.”

पाच वाजायला थोडा वेळ असताना पिशवी आत गेली. दहा-पंधरा मिनिटांनी डॉक्टर बाहेर आले. तरुण होते, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे असतील. त्यांनी बिरप्पाला आत नेलं. आतून बिरप्पाचा आवाज आला. तसा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता.

नंतर डॉक्टर व्हरांड्यात काकांशी बोलत होते. मी जवळच उभा होतो. “एक पिशवी हातात असती ना, तर दोन वाजताच ऑपरेशनला घेतलं असतं,” ते म्हणाले. “त्या वेळी ती बोलत होती माझ्याशी. रक्ताशिवाय हात लावायची सोय नव्हती.”

नदाफ अजून गेले नव्हते. बाही खाली ओढून, कोपराच्या आतल्या कापसाच्या बोळ्यावर बोट दाबून ते बाकावर बसले होते. मी त्यांच्या शेजारी बसलो. मी म्हणालो, “तुम्ही लगेच आलात.”

“सरांनी यादीत नाव घातलं तेव्हापासून येतोय,” ते म्हणाले. “नऊ वर्षांत चौदा वेळा. एकदा ईदच्या दिवशी आलो होतो, नमाज झाल्या झाल्या.” बोळा उचलून बघत ते म्हणाले, “सर गेले आणि फोनच बंद झाला बघा. वर्षभर एक फोन नाही. मला आपलं वाटत होतं, चला, बरंय, कुणाला गरज पडत नसेल.”

काका ते ऐकत होते. त्यांनी नदाफांकडे बघितलं, मग माझ्याकडे. “कुठले सर?” त्यांनी विचारलं. “कसली यादी?”

“चला, सांगतो,” मी म्हणालो. दुकानात आल्यावर सांगितलं. पद्मजा शटर अर्धं ओढून बसली होती. तिनं लॅपटॉपवर ते पिवळं पान उघडंच ठेवलं होतं. मी पहिल्यापासून सांगितलं. नाव कसं सापडलं, कसं घेतलं, कसं वळवलं. सकाळचा फोन कुणी उचलला तेही.

पद्मजा म्हणाली, “मी विचारलं होतं तुला. कोण होतं म्हणून विचारलं होतं.”

“हो.”

“तू कुणी नाही म्हणालास.”

ती उठून आत गेली. आत मागांचा आवाज चालू होता. थोड्या वेळानं एकेक करून ते थांबले.

काकांनी लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. ते ओरडतील, हाकलून देतील, असं मला वाटत होतं. तसं झालं असतं तर सोपं गेलं असतं. ते म्हणाले, “ते नाव आत्ता सोड. माझ्यासमोर.”

मी ते नाव दुकानाच्या पानापासून सोडवलं. त्याच टेबलावर बसून ती यादी जशीच्या तशी जुन्या पत्त्यावर लावली. खालची ओळसुद्धा. चाळीस मिनिटं लागली. येमूल टॉवेल्स पुढच्या पंधरवड्यात कुठल्या कुठं घसरलं. त्याबद्दल मला कुणी एक शब्द विचारला नाही.

“आणि त्या माणसाला जाऊन सांग,” काका म्हणाले.

“काय सांगू?”

“मला सांगितलंस तेच.”

मी दोन आठवडे टाळलं. मग एका सकाळी एसटीनं गेलो. रस्त्यापासून वाडी आत दीड किलोमीटर होती. बिरप्पा दारातच होता. केस काढलेले, अंगावर नुसता बनियन. मला बघून पटकन उठला आणि आत हाक मारली, “आये, त्ये साहेब आल्यात. रक्ताचं मानूस हुडकून दिल्यालं.” भिंतीला टेकून ठेवलेली घोंगडी त्यानं अंथरली. शेजारपाजारचे दोघं-तिघं आले. बिरप्पा त्यांना सांगत होता, साहेबांनी किती धावपळ केली, शेवटपर्यंत कसे थांबले.

“बिरप्पा, मला जरा बोलायचंय,” मी म्हणालो.

ते शेजारी उठून गेले. मी सांगितलं. वेबसाइट वगैरे त्याला कितपत कळेल म्हणून सोप्या शब्दांत सांगायला लागलो, पण तसं काही लागलं नाही. त्याला सगळं कळत होतं.

“म्हंजी त्यो कागुद बरुबर हुता,” तो म्हणाला. “भित्तीवरला.”

“हो.”

“आन् माजा आकडा बी चुकला न्हवता.”

“नव्हता चुकला.”

“त्यो फोन तुमीच उचालला?”

“मीच.”

घोंगडीतला एक काटा त्यानं बोटांनी उपसून काढला, बाजूला ठेवला.

“किती वाजल्यालं?”

“दहाला दहा कमी होते.”

त्याचे ओठ हलत होते. दहा ते दोन तो मोजत होता की दहा ते पाच, मला समजलं नाही. मग तो उठला आणि घरात गेला. आत मुलगी रडायला लागली होती. चुलीवर काहीतरी उकळत असल्याचा वास येत होता, कपबशांचा आवाज येत होता. म्हातारी बशीत कप ठेवून उंबऱ्यापर्यंत आली.

“आये,” आतून बिरप्पा म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. “त्येस्नी च्या दिऊ नगंस.”

म्हातारी तिथंच थांबली. तिला काही समजलं नव्हतं. ती एकदा आत बघत होती, एकदा माझ्याकडे. मी उठलो, चपला घातल्या आणि रस्त्याला लागलो.